रथाची दोरी आणि मागाचा धोटा : वाटाघाटीच्या मीमांसेचा एक पडताळा

१

वाटाघाटीचे आधुनिक शास्त्र कारखान्याच्या दारात जन्मास आले. मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ साली संघर्षाविषयी जे विवेचन केले, ते उद्योगसंस्थांचे व्यवस्थापन पाहणाऱ्यांपुढे केले होते. १९६५ साली रिचर्ड वॉल्टन व रॉबर्ट मॅकर्सी यांनी ज्या ग्रंथात वाटाघाटीच्या चार प्रक्रिया वेगळ्या करून दाखविल्या, त्याचा विषय मालक व कामगारसंघ यांच्यामधील सौदा हाच होता. १९८१ साली रॉजर फिशर व विल्यम युरी यांच्या पुस्तकाने या विचाराला लोकप्रियता मिळवून दिली आणि त्यातील संज्ञा पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमांत रूढ झाल्या. परंतु कोणतीही संज्ञा आपल्या जन्मस्थानाची काही गृहीते बरोबर घेऊनच प्रवास करते. वाटाघाटीच्या मीमांसेबरोबर आलेले मुख्य गृहीत असे की, बोलणी करणारे दोन पक्ष परस्परांना पक्ष म्हणून ओळखतात. मजुरी किती असावी, कामाचे तास किती असावेत, याविषयी त्यांच्यात तीव्र मतभेद असतील; पण समोर बसलेला मनुष्य करार करण्यास पात्र आहे आणि केलेला करार त्याच्याशी पाळावयाचा आहे, एवढे उभयतांना मान्य असते.

हे गृहीत कितपत टिकते, हे तपासून पाहण्यास पंचवटीतील एक प्रसंग विशेष उपयोगी पडतो. ९ एप्रिल १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात एका समझोत्याची अंमलबजावणी व्हावयाची होती. रथ कोणी ओढावा, हा त्या समझोत्याचा विषय होता. मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहातील हा प्रसंग सामाजिक इतिहासात वारंवार वर्णिला गेला आहे. परंतु वाटाघाटीचा एक नमुना म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. तसे पाहण्यास आधार आहे. एखादे विशिष्ट काम करण्याचा अधिकार कोणाचा, हाच तेथील वाद होता, आणि नेमका हाच वाद त्याच्या दोन वर्षे आधी मुंबईच्या कापडगिरण्यांत, खऱ्याखुऱ्या औद्योगिक वाटाघाटींच्या पोटात, उपस्थित झाला होता. दोन्ही ठिकाणी तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीच पुढे आणला. एका ठिकाणी प्रश्न रथाच्या दोरीला हात लावण्याचा होता, दुसऱ्या ठिकाणी मागाच्या धोट्याला तोंड लावण्याचा. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे वाटाघाटीच्या संज्ञांचे सामर्थ्य व त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

२

प्रथम पंचवटीचा वृत्तांत थोडक्यात पाहणे अवश्य आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधविलेले काळारामाचे मंदिर हे गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटीचे प्रमुख देवस्थान. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली नाशिक येथे अस्पृश्यांची परिषद भरली व त्याच दिवशी मंदिरावर मिरवणूक नेण्यात आली. दारे बंद असल्याने मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथे तिचे सभेत रूपांतर झाले. दुसऱ्या दिवशी, ३ मार्च रोजी, १२५ पुरुष व २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दारांशी सत्याग्रहास बसली. भाऊराव उर्फ दादासाहेब गायकवाड हे या लढ्याचे स्थानिक आधारस्तंभ होते.

दारे सुमारे महिनाभर बंदच राहिली. तेवढ्यात रामनवमीचा उत्सव आला. नाशिकची रथयात्रा रामनवमीला निघत नाही. ती त्यानंतर दोन दिवसांनी, चैत्र शुद्ध एकादशीस म्हणजे कामदा एकादशीस निघते. त्या वर्षी ही तिथी ९ एप्रिल रोजी होती. रथ ओढण्याचे काम नाशकात तालमींतील गड्यांचे मानले जाते. ते श्रमाचे काम आहे आणि मानाचेही आहे. ही दुहेरी ओळख लक्षात घेतल्याखेरीज त्या दिवशीच्या समझोत्याचा अर्थ लागत नाही. गाभाऱ्यात जाण्याचा प्रश्न तात्पुरता बाजूस ठेवून, दोन्ही पक्षांतील बळकट माणसांनी मिळून रथ ओढावा, असे ठरले. दोन्ही बाजूंस काही द्यावे लागेल व काही मिळेल, अशी ही तडजोड होती.

पुढे काय घडले याचा वृत्तांत धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात आला आहे. त्यानुसार डॉ. आंबेडकर निवडक माणसांसह मध्यान्हीच्या सुमारास मुख्य दाराशी उभे होते. परंतु त्यांच्या माणसांचा हात दोरीला लागण्यापूर्वीच त्यांना मारामारीत गुंतविण्यात आले आणि सवर्ण मंडळींनी रथ घेऊन एका अरुंद वाटेने धाव घेतली. वाटेवर सशस्त्र पोलिसांचा पहारा होता. कद्रेकर नावाच्या एका भंडारी तरुणाने पहारा मोडून पुढे झेप घेतली, त्याच्या मागोमाग शेकडो सत्याग्रही दगडांचा मारा सोशीत धावले व त्यांनी रथ गाठला. कद्रेकर रक्तबंबाळ होऊन पडला. आंबेडकरांवर छत्र्या धरून त्यांचा बचाव करण्यात आला. तरीही त्यांना किरकोळ दुखापत झालीच. त्यानंतर नाशिक शहरात व आसपासच्या गावांत अस्पृश्यांना जाच सुरू झाला. मुलांना शाळांतून काढणे, रस्ते बंद करणे, बाजारात जिन्नस न देणे इथवर त्याची मजल गेली.

मोडलेला करार हा इतिहासात काही विरळा प्रकार नव्हे. तेव्हा या घटनेचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण असे देता येईल की, एका पक्षाने वचनभंग केला. नैतिकदृष्ट्या ते पुरेसेही आहे. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. करार कोणत्या ठिकाणी मोडला, तेथेच का मोडला, आणि तो मोडेल याची चिन्हे कराराच्या रचनेतच होती काय, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत.

३

वॉल्टन व मॅकर्सी यांनी सांगितलेल्या चार प्रक्रियांचा येथे उपयोग होतो. पहिली वाटणीची वाटाघाट : एकाला जेवढे अधिक तेवढे दुसऱ्याला कमी. दुसरी हितसंयोगाची वाटाघाट : दोघांनाही लाभ होईल असा मार्ग शोधणे. तिसरी मनोभूमिका घडविण्याची प्रक्रिया : परस्परांविषयीचा विश्वास, वैर अथवा आदर यांत बदल घडवून आणणे. चौथी पक्षांतर्गत वाटाघाट : प्रतिनिधीने आपल्याच माणसांची संमती मिळविणे. या चौघींत चौथीकडे सामान्यतः सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पंचवटीत मात्र तीच निर्णायक ठरली.

सत्याग्रहाच्या आरंभीच्या दिवसांत शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या अध्यक्षतेखाली सवर्ण नागरिकांची एक सभा तोडगा काढण्यासाठी भरली होती. कीरांच्या वृत्तांतानुसार ती गोंधळात मोडली; सनातन्यांनी दगड व जोडे फेकले. आपल्याच पक्षातील मंडळींना धर्मपीठाच्या अधिकारी पुरुषासही एका जागी बसवून ऐकविता आले नाही, ही गोष्ट समझोत्याच्या सुमारे महिनाभर आधी उघड झाली होती. अर्थात ९ एप्रिलच्या समझोत्यास सवर्णांच्या बाजूने ज्यांनी रुकार दिला, त्यांचा रुकार गर्दीवर बंधनकारक व्हावा अशी यंत्रणाच अस्तित्वात नव्हती. उलट बाजूस सत्याग्रहाचे नेतृत्व होते, तुकड्या नेमलेल्या होत्या आणि शिस्त होती. म्हणजे एका संघटित पक्षाने एका असंघटित जमावाशी करार केला होता. कामगारसंबंधांच्या इतिहासात याचा उलटा प्रकार परिचयाचा आहे : मालकांची संघटना बलवान आणि कामगार विस्कळित. पंचवटीत जो पक्ष सामाजिकदृष्ट्या प्रबळ होता, तोच कराराच्या दृष्टीने विस्कळित होता. त्याची ही विस्कळितता त्याला गैरसोयीची नव्हती, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. नेत्याने शब्द द्यावा आणि जमावाने तो मोडावा, यात पक्षाची हानी होत नाही. झालीच तर सोय होते.

टॉमस शेलिंग यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, वाटाघाटीत स्वतःचे हात बांधून घेणे हे कधी कधी बळ ठरते. माझ्या माणसांना हे मान्य होणार नाही, असे सांगणारा प्रतिनिधी अधिक सवलत मिळवितो. पंचवटीचा प्रसंग या सिद्धान्ताला एक कडू पुरवणी जोडतो. हात बांधलेले असल्याचे आधी न सांगता, करार झाल्यानंतर ते दाखविले, तर प्रतिपक्षाने दिलेली सवलत पदरात पडते आणि आपण देऊ केलेली मागे घेता येते. सत्याग्रहींनी गाभाऱ्याचा आग्रह त्या दिवसापुरता स्थगित केला होता. त्याच्या मोबदल्यात त्यांना दोरीला हात लावावयास मिळणार होता. हात लावण्याचा क्षण हाच करार अमलात येण्याचा एकमेव क्षण होता, आणि तो पूर्णपणे दुसऱ्या बाजूच्या स्वाधीन होता.

४

आता दोन वर्षे मागे, मुंबईच्या गिरणगावात जावे लागते. १९२८ साली एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत मुंबईच्या कापडगिरण्या बंद होत्या. सुमारे दीड लाख कामगार या संपात होते. मागांची संख्या दर कामगारामागे वाढविण्याची योजना आणि मजुरीतील कपात ही संपाची प्रमुख कारणे. ना. म. जोशी यांच्यासारखे नेमस्त आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट संयुक्त संपसमितीत एकत्र आले व समितीने मालकांपुढे १७ मागण्या ठेवल्या. संप मिटताना न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. हिंदुस्थानातील औद्योगिक वाटाघाटींच्या इतिहासात या संपाचे स्थान मोठे आहे.

या वाटाघाटींच्या आत एक दुसरी वाटाघाट चालू होती. गिरण्यांत अस्पृश्य कामगार कताईखात्यात व इतर कामांत होते. अधिक मजुरीच्या विणकामखात्याचे दार मात्र त्यांना बंद होते. याचे जे कारण सांगितले जाई ते यंत्राशी निगडित होते. धोट्यातील कांडी संपली म्हणजे नवी कांडी बसवून तिचा दोरा धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढण्यासाठी विणकर तो तोंडाने ओढून घेई. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाशी नेला तर विटाळ होतो, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्याला मागाजवळ येऊ देत नसत. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे प्रश्न ठेवला : सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुम्ही मान्य करणार की नाही? मान्य केला नाही, तर अस्पृश्य कामगारांना संपात भाग न घेण्याचा सल्ला दिला जाईल. कीर सांगतात की, पुढाऱ्यांनी ही मागणी नाखुशीने आपल्या यादीत घातली. आणि मालकांनी तिला उत्तर दिले की, हा अन्याय असेलच तर त्याचे उत्तरदायित्व आमच्याकडे नाही.

मालकांचे हे उत्तर धूर्त होते, तसेच वस्तुस्थितीला धरूनही होते. विणकामखात्याचे दार मालकाने बंद केलेले नव्हते. ते शेजारच्या मागावरील कामगाराने बंद केलेले होते. संपसमितीने मागणी भलत्याच पत्त्यावर पाठविली. ज्याच्या हातात वस्तू नाही त्याच्याकडे ती मागितली, म्हणजे मागणाऱ्याला मागितल्याचे श्रेय मिळते, न देणाऱ्याला न दिल्याचा दोष लागत नाही आणि वस्तू होती तेथेच राहते. वॉल्टन व मॅकर्सी यांच्या भाषेत बोलावयाचे तर पक्षांतर्गत वाटाघाटीचा प्रश्न पक्षांमधील वाटाघाटीच्या यादीत ढकलण्यात आला. तो ढकलण्याची गरज का पडली, याचे उत्तर उघड आहे. समितीने तो आपल्याच सभासदांपुढे निर्णयासाठी ठेवला असता, तर संपाची एकजूट तेथेच तपासली गेली असती.

पंचवटी व गिरणी या दोन प्रसंगांतील साम्य आता लक्षात येईल. दोन्ही ठिकाणी ज्यांच्याशी बोलणे झाले ते एक, आणि ज्यांच्या हाती निर्णय होता ते दुसरे. पंचवटीत बोलणे पुढाऱ्यांशी झाले व निर्णय रथ ओढणाऱ्या जमावाने केला. गिरणीत बोलणे समितीशी व मालकांशी झाले आणि निर्णय मागावरच्या विणकराच्या हाती राहिला.

५

येथे हितसंयोगाच्या वाटाघाटीचा पुरस्कर्ता एक वाजवी प्रश्न विचारील. फॉलेट यांनी संघर्ष मिटविण्याचे तीन मार्ग सांगितले : वर्चस्व, तडजोड व समन्वय. ग्रंथालयातील त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतील खिडकी उघडली जाते, कारण पहिल्याला हवा हवी होती व दुसऱ्याला आपल्या अंगावर वारा नको होता. गिरणीतही असे करता आले नसते काय? तोंड न लावता दोरा ओवता येईल असे धोटे विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य गिरण्यांत ज्ञात होते. आरोग्याच्या कारणास्तव तेथे तोंडाने दोरा ओढण्याच्या पद्धतीविरुद्ध आवाजही उठला होता. असा धोटा मुंबईत आणला असता, तर सवर्णाचा विटाळ टळला असता, अस्पृश्याला माग मिळाला असता आणि उभयतांच्या फुप्फुसांचे हितही झाले असते. समन्वयाचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

परंतु या उपायाची कसोटी दुसऱ्या एका कामाच्या ठिकाणी घेता येते, आणि ते ठिकाण पंचवटीच्याच जिल्ह्यात आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. आंबेडकरांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले आणि रेल्वेतील परिस्थितीचा दाखला दिला. अस्पृश्य कामगार गँगमनच्या कामापलीकडे जात नाही. त्याला हमाल म्हणूनही घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरचीही कामे करून घेतो व अस्पृश्याला घरात घेता येत नाही. रेल्वेच्या रुळावर धोटा नाही, तोंड लावावयाची वस्तू नाही. तरीही कामाचे दार बंदच आहे. तेव्हा धोटा हे बंदीचे कारण नव्हते. ते बंदीचे त्या ठिकाणी उपलब्ध असलेले निमित्त होते. धोटा बदलला असता तर निमित्त बदलले असते.

फॉलेट यांच्या ग्रंथालयातील दोघांचे हितसंबंध वेगवेगळे होते म्हणून ते जुळविता आले. येथे एका पक्षाचा हितसंबंध नेमका दुसऱ्या पक्षाच्या दूर राहण्यात आहे. दोरी दोघांनी मिळून ओढली तर रथ जड होत नाही, उलट हलका होतो. माग अस्पृश्याने चालविला तर कापडाचे सूत तुटत नाही. कामाच्या दृष्टीने कोणाचेही नुकसान नाही. नुकसान होते ते क्रमाचे. ज्या कामाला मान आहे ते करणारा मनुष्य मानाचा ठरतो, आणि सर्वांनाच ते करता आले तर कोणीच विशेष मानाचा उरत नाही. ज्याचे मूल्यच दुसऱ्याला न मिळण्यात आहे, त्याचा समन्वय करता येत नाही. हितसंयोगाच्या मीमांसेने ही शक्यता अपवाद म्हणून बाजूस ठेवली आहे. हिंदुस्थानातील कामाच्या ठिकाणांचा इतिहास पाहता तिला अपवाद म्हणणे कठीण आहे.

६

फिशर व युरी यांच्या दोन संज्ञा अद्याप तपासावयाच्या राहिल्या आहेत : मागणी व तिच्यामागील हितसंबंध यांतील भेद, आणि करार न झाल्यास हाती असणारा सर्वोत्तम पर्याय. ज्याचा पर्याय बळकट तो वाटाघाटीत बळकट, हा त्यांचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे.

नाशिकचा सत्याग्रह रथाच्या प्रसंगाने संपला नाही. चढउतार होत तो १९३५ पर्यंत चालला. या काळात डॉ. आंबेडकर गोलमेज परिषदांना गेले, १९३२ चा पुणे करार झाला आणि स्थानिक लढा दादासाहेब गायकवाडांनी चालू ठेवला. १९३४ च्या मार्चमध्ये, रामनवमीस पुन्हा सत्याग्रह करावा काय, असा प्रश्न निघाला असता, डॉ. आंबेडकरांनी गायकवाडांना पत्राने उत्तर दिले. त्याचा आशय असा की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरात गेल्याने त्यांचा उद्धार होईल, म्हणून हा लढा सुरू केलेला नव्हता. त्यांच्यात चैतन्य यावे व त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो होता. तो हेतू साध्य झाल्याने आता शक्ती राजकारण व शिक्षण यांकडे वळवावी.

मागणी व हितसंबंध यांतील भेदाचे इतके स्वच्छ उदाहरण वाटाघाटीच्या पाठ्यपुस्तकांतही विरळ. मागणी होती दार उघडण्याची. हितसंबंध होता माणूस म्हणून उभे राहण्याचा. येथे फिशर व युरी यांची पद्धत समर्थ ठरते, यात शंका नाही. परंतु एका बाबतीत पंचवटीचा अनुभव तिच्या पुढे जातो. या पद्धतीत हितसंबंध उघड करणे हा दोन्ही पक्षांना जवळ आणण्याचा उपाय मानला आहे. आंबेडकरांनी आपला हितसंबंध स्पष्ट केला तो प्रतिपक्षाजवळ जाण्यासाठी नव्हे. प्रतिपक्षाकडे मागण्यासारखे काही उरले नाही, हे आपल्या माणसांना सांगण्यासाठी. ही पक्षांतर्गत वाटाघाट होती, आणि ती यशस्वी झाली.

पर्यायाच्या संज्ञेचेही तसेच. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातीलच येवले येथे, हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा डॉ. आंबेडकरांनी केली. वाटाघाटीच्या परिभाषेत हा करारावाचूनचा पर्याय होय. पण १९३० साली, रथाच्या दोरीशी उभे असताना, हा पर्याय अस्तित्वात होता काय? कागदावर होता, धर्म सोडण्यास कायद्याने कोणी अडविले नव्हते. प्रत्यक्षात नव्हता, कारण पर्याय निवडणारा समाज तोवर तयार झालेला नव्हता. दारांशी बसलेल्या तुकड्या, दगडांचा मार, गावोगावचे बहिष्कार आणि पाच वर्षांची प्रतीक्षा यांतून तो तयार झाला. मीमांसा पर्यायाला वाटाघाटीबाहेरची, आधीपासून हाती असलेली वस्तू मानते व तिचे मोजमाप करावयास सांगते. पंचवटीत तो पर्याय फसलेल्या वाटाघाटीच्या पोटी जन्मास आला. दुर्बळ पक्षाच्या बाबतीत हाच नियम असावा, असे मानण्यास जागा आहे. त्याचा पर्याय त्याला सापडत नाही. तो घडवावा लागतो, आणि घडविण्याची जागा बहुधा वाटाघाटीचीच असते.

७

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो व तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. कामगारसंघाच्या मान्यतेचा झगडा हाही परस्परांना पक्ष म्हणून ओळखण्याचाच झगडा असतो, आणि वॉल्टन व मॅकर्सी यांची तिसरी प्रक्रिया, म्हणजे मनोभूमिका घडविण्याची, त्याचीच दखल घेते. तेव्हा मीमांसेत उणीव आहे असे कसे म्हणावे? याला उत्तर असे की, मान्यता नाकारणारा मालकसुद्धा कामगाराला कामगार म्हणून ओळखतो. त्याच्या श्रमाची त्याला गरज असते आणि तो संघटितपणे बोलू नये एवढीच त्याची इच्छा असते. ती गरज हाच पुढे मान्यतेचा पाया होतो. रथाच्या दोरीशी अशी गरज नव्हती. ओढणारे हात पुरेसे होते. संपाच्या काळात विणकरांना कताईखात्याच्या सहकार्याची गरज होती, म्हणूनच मागणी निदान यादीत तरी शिरली. पंचवटीत गरजच नसल्याने दिलेला शब्दही टिकला नाही. मनोभूमिका घडविण्यास दीर्घ सहवास लागतो, आणि सहवास नाकारणे हाच जेथे वादाचा विषय असतो, तेथे ही प्रक्रिया आरंभासच अडते.

अशा ठिकाणी करार अपुरा पडला म्हणजे कायद्याचे कार्य सुरू होते. १९४७ साली मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. या तरतुदींचा विशेष असा की, त्यांना दुसऱ्या पक्षाची संमती लागत नाही. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि सरकार, मालक व कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदेची प्रथा त्याच काळात रुजली. मजुरीसारख्या प्रश्नांसाठी बोलण्याची मेजे मांडणारा हा पुरुष माणसाच्या दर्जाचा प्रश्न मात्र मेजावर ठेवावयास तयार नव्हता. यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. कोणता प्रश्न वाटाघाटीचा आहे व कोणता नाही, हे ओळखणे हाच वाटाघाटीच्या ज्ञानाचा पहिला भाग होय, आणि तो त्यांनी गिरणीत व पंचवटीत अनुभवाने मिळविला होता.

कामाच्या ठिकाणच्या वाटाघाटींचा अभ्यास करणाऱ्यांना यातून तीन प्रश्न घेऊन जाता येतील. ज्याच्याशी बोलणे चालू आहे त्याच्याच हाती ती वस्तू आहे काय? करार अमलात येण्याचा क्षण कोणाच्या स्वाधीन आहे? आणि तंट्याचे म्हणून जे कारण सांगितले जाते ते दूर केले, तर तंटा संपेल की दुसरे कारण शोधील? सफाई, गटार व मैला यांच्या कामांत माणसे कोणत्या समाजांतून येतात, आणि देखरेखीच्या जागांवर कोणत्या, हे पाहिले म्हणजे हे प्रश्न केवळ इतिहासाचे नाहीत, हे ध्यानात येईल. तेथील वेतनकरारांत दर, भत्ते व गणवेश यांची कलमे असतात. हे काम याच माणसांकडे का, याविषयी कलम नसते.

पंचवटीत कामदा एकादशीला रथ आजही निघतो. १९३० चा समझोता त्या उत्सवाच्या इतिहासात एक फसलेला दिवस म्हणून नोंदला गेला आहे. वाटाघाटीच्या मीमांसेला मात्र त्या दिवसाने एक उपयुक्त धडा दिला. दोरी कोणी कोठे धरावी हे कराराने ठरविता येते. दोरी धरणारा हात माणसाचा आहे, हे करारापूर्वीच ठरलेले असावे लागते.